रिपोर्ट आला, तेव्हा सॅम्पल भिवंडीतच होतं

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये, आणि आता ऐरोली-घणसोलीकडेही, रविवारी सकाळी ‘गट हेल्थ’ची, म्हणजे आतड्यांच्या आरोग्याची, मोफत शिबिरं भरू लागली आहेत. क्लबहाउसमध्ये टेबल मांडतात, वजन आणि बीपी बघतात आणि मग घरबसल्या स्टूल टेस्ट करून आतड्यांची सूज मोजून देतो म्हणून किट विकतात. अशा शिबिरातून घेतलेल्या किटमध्ये आम्ही फसवले गेलो. पैसे गेलेच, पण त्याहून गंभीर म्हणजे माझ्या नवऱ्याला त्याच्या चालू गोळ्या बंद करायला सांगितलं जात होतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नवऱ्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त आणि आव पडते. औषधांनी शांत होतं आणि कधी पुन्हा उसळतं. मेसालामीनच्या गोळ्यांवर तो बरीच वर्षं चांगला आहे. आतून सूज वाढतेय का हे बघायला दर वेळी कोलोनोस्कोपी नको, म्हणून आमचे पोटाचे डॉक्टर अधूनमधून फिकल कॅलप्रोटेक्टिन करून घेतात. ही तपासणी अगदी खरी आणि उपयोगाची आहे, हे आधीच सांगते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन भरपूर असतं. आतड्यात सूज आली की या पेशी तिथे गोळा होतात आणि प्रथिन शौचात उतरतं. ते लवकर नासत नाही, म्हणून मोजता येतं. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर साधारणपणे ठीक, २५०च्या वर गेलं तर सूज जोरात असण्याची शक्यता, आणि मधल्या आकड्यावर डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. नुसता आयबीएस, म्हणजे सूज नसलेला पोटाचा त्रास, आहे की खरोखरची सूज, हे ओळखायलाही ही तपासणी वापरतात.

अडचण असते ती सॅम्पलची. सकाळी डबी भरायची आणि ऑफिसला निघायच्या आधी लॅबमध्ये पोचवायची. ज्याचं पोट वेळेवर साथ देत नाही त्याच्यासाठी हे फार त्रासाचं असतं. त्यामुळे घरी सॅम्पल घ्यायचं आणि कुरिअरवाला येऊन नेणार, हे ऐकून आम्हाला बरंच वाटलं. त्यात अशक्य काही नाही. युरोपात तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने निकाल वाचायच्या घरगुती कॅलप्रोटेक्टिन चाचण्याही खरोखर वापरात आहेत.

किटची किंमत ६,९९९ रुपये. खोका देखणा, आत डबी, चमचा, हातमोजे, मराठीत छापलेल्या सूचना. मंगळवारी दुपारी कुरिअरचा मुलगा पार्सल घेऊन गेला आणि बुधवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला. पानंच्या पानं, सगळी रंगीत. कॅलप्रोटेक्टिन ६४० लाल रंगात. त्याखाली ‘गट इन्फ्लमेशन स्कोअर ८७ टक्के’, मग झोन्युलिन नावाच्या प्रथिनाचा आकडा, मग ‘लीकी गट’ (गळकं आतडं) : तीव्र, आणि शेवटी आयजीजी या प्रतिपिंडाप्रमाणे वर्ज्य पदार्थांची भली मोठी यादी. तूरडाळ, दूध, शेंगदाणे, गहू, भेंडी. म्हणजे आमच्या घरात जे जे शिजतं ते सगळं.

अर्ध्या तासात त्यांच्या ‘गट कोच’चा फोन. आवाज गोड, बोलणं आपुलकीचं. “ताई, सरांची औषधं सूज फक्त झाकून ठेवतायत. आपण मुळापासून दुरुस्त करू. गोळ्या हळूहळू बंद होतील.” तीन महिन्यांचं पावडरी आणि कॅप्सुलांचं पॅकेज ३२,००० रुपये, त्यातले १०,००० त्याच रात्री भरले तरच सवलत. लाल रंगातला ६४० बघून नवरा हादरला होता. आजार पुन्हा उसळला तर काय होतं हे त्याने भोगलेलं आहे. त्याने पैसे भरले. या लोकांचा सगळा धंदा त्या भीतीवर चालतो, आणि ती भीती आजारी माणसाच्या मनात आधीपासूनच असते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

गोळ्यांना मात्र हात लावायच्या आधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, मधे दुखण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या का, जुलाब झाले होते का. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी किंवा साध्या जंतुसंसर्गानेही कॅलप्रोटेक्टिन वाढू शकतं. यातलं काहीच झालं नव्हतं. मग त्यांनी आमच्या नेहमीच्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी करायला सांगितलं, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी थेट जुळत नाहीत. तिथे आकडा आला ३८. रिपोर्टची पानं उलटताना आयजीजीच्या यादीवर ते थांबले. “अहो, आयजीजीची ही तपासणी रक्तावर करतात. यांनी रक्त घेतलं होतं का?” नव्हतं घेतलं. आणि घेतलं असतं तरी त्या यादीला अर्थ नव्हता. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे शरीराला तो पदार्थ ओळखीचा आहे इतकंच. त्यावरून अन्नाची अ‍ॅलर्जी किंवा न सोसणं ठरवू नये, असं युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थांनी केव्हाच स्पष्ट केलेलं आहे. कोलायटिसच्या माणसाला आधीच वजन घटू नये म्हणून जपावं लागतं. त्याच्या ताटातून डाळ, दूध, शेंगदाणे काढून घेणं हा नुसता पैशांचा गुन्हा नाही.

घरी येऊन मी कुरिअरचा नंबर टाकून ट्रॅकिंग बघितलं. बुधवारी संध्याकाळी रिपोर्ट आमच्या हातात पडला तेव्हा पार्सल भिवंडीच्या हबमध्ये पडून होतं. लॅबच्या महापेच्या पत्त्यावर ते शुक्रवारी पोचलं. रिपोर्टवर मात्र ‘सॅम्पल मिळाल्याची वेळ’ बुधवार सकाळची छापलेली. डबी कोणी उघडलीसुद्धा नव्हती आणि ६४० आकडा तयार होता.

ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने कोपरखैरणे आणि तिथून रिक्षाने महापे एमआयडीसी, अशी मी स्वतः त्या पत्त्यावर जाऊन आले. तिथे फर्निचरचं गोदाम आहे. वॉचमन म्हणाला, लॅब वगैरे इथे काही नाही, पार्सलं येतात, एक मुलगा स्कूटरवरून घेऊन जातो.

आमच्याच मजल्यावरच्या काकूंनीही किट घेतलं होतं. त्यांचा रिपोर्ट शेजारी ठेवला, तर नाव आणि वय सोडून सगळे आकडे आमचेच. काकूंना शौचातून रक्त जात होतं, आणि या लोकांनी त्यांना महिनाभर पावडर घेऊन वाट बघायला सांगितलं होतं. आता त्यांच्यावर योग्य उपचार सुरू आहेत. त्यांना कोणता आजार निघाला ते खासगी आहे, इथे लिहीत नाही. पण ते पावडरीने बरं होणारं नव्हतं. शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री पोटामुळे झोपेतून उठावं लागणं, हीमोग्लोबिन कमी होणं यांपैकी काहीही असेल तर घरच्या किटच्या आकड्यावर, तो चांगला असो की वाईट, विसंबू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारासारखाच दिसतो, आणि कॅलप्रोटेक्टिन दोन्हींत वाढतं. त्यांतला फरक आकड्यावरून कळत नाही, तो डॉक्टरच शोधतात.

रिपोर्टवर एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, बोधचिन्ह होतं, पण प्रमाणपत्राचा क्रमांक नव्हता. खऱ्या मान्यताप्राप्त लॅबचा क्रमांक असतो आणि एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅबचं नाव घालून तिला नेमक्या कोणत्या तपासण्यांची मान्यता आहे हेही बघता येतं. सहीच्या जागी नुसतं ‘डॉ.’ आणि एक आडनाव. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला तर म्हणाले, कम्प्युटरवर निघालेल्या रिपोर्टला सही लागत नाही. हे साफ खोटं आहे. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर, जो तपासणी करतो तोच त्यावरचं औषध विकत असेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नाही.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. १९३० वर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, कारण पैसे समोरच्याच्या खात्यातून हलायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. हेल्पलाइनच्या नोटिशीनंतर किटचे पैसे परत आले. पॅकेजचे १०,००० अजून आलेले नाहीत, त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

काकूंचा रिपोर्ट आमच्या तक्रारीला जोडला आहे. तुमच्याकडेही अशा शिबिरातला रंगीत रिपोर्ट असेल, तर पैसे भरल्याची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि कुरिअरच्या ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. ट्रॅकिंगची नोंद काही काळाने साइटवरून निघून जाते, आणि आमच्या तक्रारीत सगळ्यात जास्त वजन तिलाच मिळालं.