किक्कोमन सोया सॉस: घरच्या जपानी फ्राइड राइसच्या कसोटीवर

जपानी पद्धतीच्या फ्राइड राइससाठी, म्हणजे चाहानसाठी, नागपुरात साहित्य शोधत फिरावे लागत नाही. अंडी, पातीचा कांदा, पांढरी मिरपूड आणि आदल्या रात्रीचा भात एवढ्यावर तो होतो. अडते ते सोया सॉसपाशी. गाड्यावरच्या चायनीज राइसमध्ये व्हिनेगर, चिली सॉस आणि लसणाच्या भाऊगर्दीत कोणताही सोया सॉस खपून जातो, चाहानमध्ये मात्र त्याचा बरेवाईटपणा पहिल्या घासालाच कळतो. म्हणून धरमपेठेतील एका किराणा दुकानातून किक्कोमन या जपानी कंपनीच्या सोया सॉसची १५० मिलीची काचेची बाटली आणली. साध्या देशी बाटलीच्या कित्येक पट किंमत मोजावी लागते, तेव्हा ती वसूल होते का, हे पाहणे भाग होते.

पाणी, सोयाबीन, गहू आणि मीठ हे तिचे मूळ घटक. वाफवलेले सोयाबीन आणि भाजलेला गहू यांवर कोजी नावाची बुरशी वाढवतात, त्यात मिठाचे पाणी घालून ते मिश्रण कित्येक महिने मुरवतात. या काळात प्रथिनांचे विघटन होऊन ग्लुटामिक आम्ल सुटे होते आणि जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ज्या चवीला उमामी म्हटले, ती तोंडात रेंगाळणारी भरदार चव सॉसला येते. स्वस्त सॉसच्या वेष्टनावर बहुधा कॅरॅमल रंग, साखर आणि आम्लता नियंत्रक यांची नावे वाचायला मिळतात, आणि भात काळपट, गोडसर होतो तो त्यामुळेच.

फरक कळतो तो कढईत. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवून तेल घालावे, फेटलेले अंडे ओतावे आणि ते अर्धवट ओलसर असतानाच भात घालून उलथन्याने गुठळ्या मोडाव्यात. शेवटी सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडावा. तो चर्रर्र करून उकळतो, क्षणभर कडेला फेसाळतो आणि भाजलेल्या धान्यासारखा खमंग वास सुटतो. देशी सॉसने हेच केले असता साखर कडेला चिकटून करपते. किक्कोमनने भाताला फिकट बदामी रंग येतो, शिते सुटी राहतात आणि अंड्याचा पिवळेपणाही टिकतो. सावजीच्या तिखटावर वाढलेल्या जिभेला हा प्रकार प्रथम मिळमिळीत वाटेल, पण म्हणून त्यात लाल तिखट घालू नये; घालायचेच असेल तर या बाटलीवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

जपानी तांदळाचे दाणे आखूड आणि किंचित चिकट असतात. तरी त्यासाठी वेगळा खर्च करावा, असे मला वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी हा तांदूळ, जो आपल्याकडे घरोघरी शिजतो, तो रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यास पुरेसा चांगला निघतो.

बाटलीचे रूप जपानी डिझायनर केंजी एकुआन यांनी १९६१ मध्ये घडवले. लाल झाकणाला दोन तोंडे आहेत. एकावर बोट ठेवले की दुसऱ्यातून धार मंदावते, आणि ओतून झाल्यावर ओघळ बाहेर येत नाही. ही सोय रोजच्या वापरात खरोखर जाणवते. नागपूरच्या मे महिन्यात मात्र उघडलेली बाटली ओट्यावर ठेवणे परवडणारे नाही, कारण हवा आणि उष्णतेने सॉस गडद होत जातो आणि त्याचा सुवास उतरतो, म्हणून फ्रीजच ठीक. घेतानाही उन्हाच्या कवडशात मांडलेली बाटली उचलू नये. आमच्या दुकानदाराने सगळ्या बाटल्या नेमक्या खिडकीलगत रचल्या होत्या.

मिठाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. १५ मिलीच्या एका चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. तेव्हा दोघांच्या भाताला एक चमचा पुरे आणि वरून मीठ नको. गहू असल्यामुळे ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनी ही बाटली टाळावी. अंडे न खाणाऱ्या घरांत मशरूम आणि कोबी वापरून हाच भात करता येतो, पण तेव्हा मशरूममधले पाणी पूर्ण आटल्यावरच भात घालावा, नाहीतर सॉस कढईला न लागता त्या पाण्यातच विरून जातो.