इलेक्ट्रिक गाडी, अकरा महिने: रेंज नंतर, आधी अर्थिंग बघा

गाडी मागच्या आषाढात घेतली. जाणं-येणं ठरलेलं: गाव, वावर, हिंगणघाट, कधीमधी वर्धा. दिवसाला ४० किलोमीटरच्या वर क्वचितच, म्हणून लहान बॅटरीची घेतली. ते बरोबरच केलं. युनिटला ७-८ किलोमीटर पडतात. बिल १०० युनिटांच्या वर जाऊन दर वाढला, तरी पेट्रोलच्या निम्म्याहून कमी खर्च.

होळीपर्यंत मी गावभर तारीफ करत होतो. एप्रिल लागला आणि चार्जिंग अडायला लागलं. रात्री प्लग लावावा, सकाळी चार्जरवर लाल दिवा आणि बॅटरी होती तेवढीच. आईला सेवाग्रामला न्यायचं होतं त्या दिवशी शेजाऱ्याची गाडी मागावी लागली. गाडी विकून टाकायचं तेव्हाच ठरवलं होतं.

सर्व्हिस सेंटर नागपूरला. दोन चकरा मारल्या. तिथे चार्जर चालायचा, घरी लाल दिवा. तरी म्हणाले, नवीन घ्या. तिथे चालतो म्हणजे तो चांगला आहे, हे त्यांना कळू नये?

शेवटी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरमध्ये १०० चा बल्ब लावून आणला. सॉकेटच्या फेज-न्यूट्रलवर, म्हणजे वीज येते-जाते त्या दोन तारांवर, लख्ख पेटला. फेज-अर्थिंगवर, म्हणजे न्यूट्रलऐवजी गळती वीज जमिनीत नेणाऱ्या तारेवर, बल्बमधली तार नुसती लाल झाली.

"भाऊ, गाडीले काही नाही झालं. अर्थिंग वाळली तुमची."

कोठ्यामागे जाऊन पाहिलं. काळी माती भेगाळून अर्थिंगच्या पाइपभोवती बोट जाईल एवढी फट पडली होती. अर्थिंग नीट नसली की गाडीचा चार्जर वीज घेतच नाही, ती त्याची सुरक्षा. कूलर मात्र तसाच चालत राहतो, म्हणून कळत नाही. त्या लोखंडी कूलरमध्ये पोरं रोज पाणी भरतात, अर्थिंग नसताना शॉक बसला असता. हे लक्षात आलं आणि गाडीवरचा राग उतरला.

नवीन खड्डा, पाइप, कोळसा, मीठ, मजुरी मिळून ३,२०० रुपये लागले. आता एक दिवसाआड त्यात बादलीभर पाणी टाकतो. तेव्हापासून लाल दिवा नाही.

राग आहे तो विकणाऱ्यांवर. त्यांचा माणूस येऊन १५ अँपिअरचा सॉकेट बसवून, फोटो काढून गेला. तेव्हा झड लागली होती, माती ओली, सगळं ठीक दिसलं. आपल्या काळ्या मातीत ही तपासणी मे महिन्यातच करा, बल्ब लावून, गाडी बुक करायच्या आधी.