फाउंटन पेनवाल्यांचा मास्टोडॉन सर्व्हर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मास्टोडॉन म्हणजे ज्याने त्याने आपापला सर्व्हर चालवायचा आणि ते सर्व्हर एकमेकांशी जोडलेले, असं सोशल नेटवर्क. पोस्टला ५०० अक्षरं, जाहिराती नाहीत, अल्गोरिदम नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आठ महिन्यांनंतर बोलावं असं एकच उरतं: डिस्क.

चाळीसेक सभासदांच्या सर्व्हरची डिस्क सभासद भरत नाहीत, दुसऱ्या सर्व्हरवरचे परके भरतात. बाहेरची पोस्ट आत आली की तिच्यातला फोटो मास्टोडॉन आपल्याकडे उतरवून ठेवतं, मग तो कुणी बघो न बघो. डिस्क काठोकाठ भरली की पोस्टग्रेसला, म्हणजे सर्व्हरच्या डेटाबेसला, लिहायला जागा राहत नाही आणि सगळंच ठप्प होतं.

हे दुखणं बहुतेकदा ओढवून घेतलेलं असतं. नव्या सर्व्हरवर #फाउंटनपेन उघडलं की शुकशुकाट. हॅशटॅगखाली जगभरातलं दिसत नाही, आपल्या सर्व्हरपर्यंत जे पोचलंय तेवढंच दिसतं. म्हणून लोक रिले जोडतात. रिले म्हणजे त्यावरच्या सगळ्या सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्टचा नळ मोकळा सोडणं. एका निबच्या फोटोसाठी परक्यांच्या मांजरांचे शेकडो फोटो साठवायचे, तेही पैसे मोजून घेतलेल्या जागेत!

सुरुवातीला रिले अपरिहार्य वाटतो. आता मत उलट आहे: काढून टाका. सर्व्हरचं एक सामायिक खातं उघडा आणि त्यावरून पेनं दुरुस्त करणारी, शाईचे नमुने टाकणारी, निब घासणारी शंभरेक माणसं हाताने शोधून फॉलो करा. जुन्या पोस्ट येणार नाहीत, फॉलो केल्यानंतरच्याच येतील, त्यामुळे हॅशटॅग भरल्यासारखा वाटायला दोन-तीन आठवडे जातात. ती माणसं इतरांच्या ज्या पोस्ट बूस्ट करतात, म्हणजे पुढे पाठवतात, त्यातून पुढची माणसं सापडतात. डिस्क वाचवायला केलेल्या या कंजुषीचा खरा फायदा वेगळाच निघाला. सदा कुरकुरणारा माणूस फॉलोच केला नाही, तर त्याची कुरकुर टाइमलाइनवर फारशी फिरकत नाही. नियमांच्या लांबलचक यादीपेक्षा हे जास्त लागू पडतं.

सफाईआधी टूटसीटीएल या मास्टोडॉनच्या कमांड-लाइन साधनातला ‘मीडिया युसेज’ चालवून कोण किती जागा खातंय ते बघा. मग साठवलेले परके फोटो पुसणारा ‘मीडिया रिमूव्ह’ रोज रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवा. त्याची मूळ मुदत ७ दिवसांची आहे, ३ पुरतात. पुसलेला फोटो कुणी उघडला तर सर्व्हर तो मूळ जागेवरून पुन्हा आणतो. मूळ सर्व्हरच बंद पडला असेल तर मात्र गेला. लिंकच्या प्रिव्ह्यू कार्डांना १४ दिवसांच्या आत हात लावू नका, ती लगेच परत येत नाहीत.

फोटोंची मुदत अ‍ॅडमिनच्या सेटिंग्जमधल्या ‘कंटेंट रिटेन्शन’ पानावरूनही ठरवता येते, पण तिथे एक सापळा आहे. मीडियाच्या मुदतीजवळच बाहेरच्या पोस्टची मुदत ठरवायची चौकट असते. ती रिकामीच ठेवा. तिथे आकडा टाकला की सभासदांनी बुकमार्क केलेल्या परक्या पोस्टही उडतात, आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या लोकांशी झालेले खासगी संवादसुद्धा. परत आणायची सोय नाही. इतकी घातक चौकट इतक्या सहज हाताला लागावी, हे काही पटत नाही.

नोंदणी मंजुरीवर ठेवा आणि कारणाच्या जागी विचारा, ‘सध्या कोणत्या पेनात कोणती शाई आहे?’ स्पॅमवाले इथेच उघडे पडतात. त्रासदायक सर्व्हर दिसला की लगेच सस्पेंड, म्हणजे पूर्ण बंदी, करू नका, आधी लिमिट करा. सस्पेंडमध्ये दोन्हीकडचे फॉलो तुटतात आणि बंदी उठवली तरी आपोआप जुळत नाहीत. लिमिटमध्ये फॉलो करणाऱ्यांना दिसत राहतं, इतरांच्या नजरेआड जातं.

बॅकअपमध्ये डेटाबेस, एन्व्ह प्रॉडक्शन (सर्व्हरच्या सेटिंग्ज आणि गुप्त किल्ल्यांची) फाइल आणि सभासदांनी चढवलेले फोटो घ्या. परक्यांचे फोटो ‘कॅश’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतात, तो वगळा. नाहीतर तीच मांजरं दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्यांदा पैसे भरून.