पिरेनीजमधल्या दोन पळवाटा: बान्यूल्स की सँ-झिराँ?

दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तावडीतून निसटून स्पेन गाठायला माणसांनी फ्रान्स-स्पेन सीमेवरचा पिरेनीज पर्वत ओलांडला. त्यातल्या दोन वाटा आज ट्रेकर्सना खुणावतात.

फ्रान्समधलं बान्यूल्स ते स्पेनमधलं पोर्तबू ही एका दिवसाची. द्राक्षमळ्यांतून चढायचं, साधारण साडेपाचशे मीटरवरची खिंड ओलांडायची. सप्टेंबर 1940 मध्ये विचारवंत वॉल्टर बेंजामिन इथून गेले. हृदयविकार, हातात हस्तलिखिताची जड काळी बॅग. घड्याळ लावून दहा मिनिटं चालायचं, एक मिनिट थांबायचं. एवढं करून पोर्तबूला पोहोचले, तर फ्रान्समधून बाहेर पडायचा परवाना नाही म्हणून परत पाठवायची धमकी. त्याच रात्री त्यांनी जीव दिला. दफनभूमीशेजारी शिल्पकार दानी काराव्हान यांनी उभारलेलं बेंजामिन यांचं स्मारक आहे: समुद्राकडे उतरणारा लोखंडी जिना, मध्येच काचेनं अडवलेला. ते चुकवू नका.

फ्रान्समधलं सँ-झिराँ ते स्पेनमधलं एस्टेरी हे प्रकरण वेगळं. चार दिवस, अडीच हजार मीटरवरची खिंड, उन्हाळ्यातही बर्फ लागू शकतो. पाडलेल्या विमानांचे वैमानिक, ज्यू कुटुंबं, सक्तीची मजुरी टाळणारे फ्रेंच तरुण वाटाड्यांच्या मागे इथून निघाले. वर 1945 मध्ये कोसळलेल्या हॅलिफॅक्स या ब्रिटिश बॉम्बर विमानाचे अवशेष अजून पडून आहेत.

पन्हाळा–पावनखिंड केलेल्यांना पहिली सहज झेपेल. पाणी मात्र भरपूर घ्या, सावली जवळपास नाहीच. दुसरीला बर्फाचा अनुभव हवाच. माझं मत विचाराल तर आधी पोर्तबू.