मायग्रेनसाठी विनाऔषध यंत्र: सेफाली घ्यावे की नेरिव्हिओ?

महिन्यातून १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका शमवणारी खास औषधे), किंवा १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके अशा रीतीने तीन महिन्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. अशा रुग्णांना, आणि ज्यांना औषधे सोसत नाहीत त्यांनाही, मज्जातंतूंना सौम्य विद्युत उत्तेजन देणारी यंत्रे हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. मात्र आलेला झटका शमवायचा आहे की झटक्यांची संख्या कमी करायची आहे, हे आधी ठरवावे, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे.

बेल्जियममध्ये विकसित झालेले सेफाली हे यंत्र कपाळावर, भुवयांच्या मध्यभागी चिकटवलेल्या इलेक्ट्रोडला जोडतात आणि ते ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूच्या तेथील शाखांना उत्तेजन देते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्याला प्रतिबंधासाठी परवानगी दिली, आणि २०२० पासून तेथे ते चिठ्ठीविना मिळते. प्रतिबंधासाठी रोज २० मिनिटे आणि झटक्याच्या वेळी एक तास, असा त्याचा क्रम आहे. पहिल्या काही मिनिटांत कपाळाला येणाऱ्या मुंग्या जसजसा प्रवाह वाढतो तसतशा इतक्या तीव्र होतात, की काही जण तेथेच यंत्र काढून ठेवतात. काहींना उलट गुंगी येते.

इस्रायलमधील थेरानिका कंपनीचे नेरिव्हिओ डोक्याला लागतच नाही. ते दंडावर बांधून मोबाइलवरील ॲपने ४५ मिनिटे चालवतात. शरीराच्या एका भागाला दिलेल्या संवेदनेमुळे मेंदूची स्वतःची वेदनाशामक यंत्रणा जागी होते आणि दुसऱ्या भागातील वेदना दबते, हे त्यामागील तत्त्व आहे. प्रवाह जाणवेल पण दुखणार नाही, इतपत तो रुग्णाने स्वतः वाढवायचा असतो. झटका सुरू झाल्यापासून तासाभरात यंत्र लावणे अपेक्षित असल्याने ते घरच्या कपाटात ठेवून कामावर जाणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. प्रतिबंधासाठी ते एक दिवसाआड वापरतात.

आकडे मात्र जपून वाचावेत. नेरिव्हिओच्या २५२ रुग्णांवरील चाचणीत दोन तासांनी ६६.७ टक्के लोकांना आराम पडला; पण तुलनेसाठी नकली, म्हणजे उपचार न करणारे यंत्र लावलेल्यांपैकीही ३८.८ टक्क्यांना तो पडलाच होता. जाहिरातीत पहिलाच आकडा ठळक असतो. खरा गुण या दोहोंतील फरकात आहे. सेफालीच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७ रुग्णांच्या चाचणीत मायग्रेनचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेले रुग्ण ३८.१ टक्के होते, तर नकली यंत्राच्या गटात १२.१ टक्के. या चाचण्यांतील रुग्ण आणि मोजमापे वेगवेगळी असल्यामुळे त्यांचे आकडे शेजारी मांडून कोणतेही यंत्र सरस ठरवणे योग्य होणार नाही.

मानेवर धरून तेथून जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला उत्तेजन देणारे गामाकोर हे तिसरे यंत्र दोन-दोन मिनिटांत काम आटोपते, ही त्याची मोठी सोय आहे. परंतु २०१८ च्या त्याच्या चाचणीत अर्ध्या तासाला व तासाला दिसलेला फरक दोन तासांच्या मुख्य निकषावर टिकला नाही. म्हणून माझ्या मते ते पहिली निवड ठरत नाही.

वारंवार झटके येणाऱ्या आणि रोज ठरावीक वेळी २० मिनिटे बसू शकणाऱ्या व्यक्तीने सेफालीचा विचार करावा. झटके मोजके असून ते ओळखता येत असतील, किंवा कपाळाला स्पर्शही सोसत नसेल, तर नेरिव्हिओ अधिक सोयीचे. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले अन्य विद्युत उपकरण असणाऱ्यांनी यांपैकी काहीही लावू नये. अपस्माराच्या रुग्णांनी व गर्भवतींनी आधी न्यूरोलॉजिस्टला विचारावे. डोकेदुखी एकाएकी, पूर्वी कधी नव्हती इतकी तीव्र आली, तर यंत्र न शोधता रुग्णालय गाठावे.

भारतात डॉ. रेड्डीज कंपनीने २०२३ मध्ये नेरिव्हिओ बाजारात आणले, त्यामुळे ते येथील डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. अमेरिकेतील नातेवाइकांकडून सेफाली मागवायचा विचार असेल, तर यंत्राबरोबर चिकट इलेक्ट्रोडचाही हिशेब धरावा. ते काही वापरांनंतर बदलावे लागतात, आणि तेच संपले की यंत्र चालू असूनही पडून राहते.