माझ्या ट्रॅक्टरचा नसलेला पिस्टन

परवा शेजारच्या वाड्यावरच्या एका शेतकऱ्याला कुणीतरी हातात झिजलेला पिस्टन देऊन 'तुमचं इंजिन गेलं' असं सांगितल्याचं कळलं. म्हणून हे लिहायला बसलो. मला दोन वर्षांपूर्वी असाच पिस्टन मिळाला होता. त्याची किंमत पडली ३८,५०० रुपये.

आमची शेती गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीच्या बाजूला. थोडं कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, थोडी भातशेती. मेरा म्हणजे बांध अरुंद, तुकडे लहान, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर आत वळतच नाही. सेकंड हँड घेतलेला १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, तीन सिलिंडरचा. माडांच्या ओळींमधून ट्रॉली ओढतो, पावसात चिखलणी करतो. वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, नांगरट आटोपली की तो मांगरात (शेतातल्या खोपीत) उभा राहतो तो थेट मिरगापर्यंत, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत.

त्या वर्षी मिरगाच्या तोंडावर चालू केला तर भसाभस काळा धूर. रोटाव्हेटर जमिनीला लावला की इंजिन गुदमरून बंद. पाऊस डोक्यावर, तरवा (भाताची रोपं) वाढत चाललेला. गावातला नेहमीचा मेस्त्री तेव्हा आजारी होता. कुणीतरी बाहेरच्या तालुक्यातल्या एकाचं नाव सुचवलं. तो टेम्पो घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर. बोलायला गोड, कपड्यांना ऑइलचे डाग, कानावर पेन्सिल. अशा माणसावर विश्वास बसतोच.

त्याने माझ्यासमोरच एअर क्लीनरचा उभा पाइप काढला. पाइपावरची टोपी आदल्या वर्षीच फुटली होती आणि मी ती बदलली नव्हती, हा आळस माझा. पाइप उलटा करून आपटला तर आतून सुक्या मातीचे गोळे पडले, फुटलेल्या गोळ्यांत मेलेल्या अळ्या. कुंभारीण माशीने उन्हाळाभर आत घरटी बांधली होती. खालच्या वाटीतल्या, हवेतली धूळ धरणाऱ्या ऑइलचा तर चिखलच झाला होता. त्याने ती माती पायाने बाजूला सारली आणि म्हणाला, "पात्रांव, हें आसाच, पूण खरें दुयेंस भितर आसा." म्हणजे, मालक, हे आहेच, पण खरं दुखणं आत आहे.

आज हे आठवलं की स्वतःचीच चीड येते. रोग तिथेच माझ्या पायाशी पडला होता. डिझेल इंजिनाला हवा कमी पडली की डिझेल पुरतं जळत नाही आणि धूर काळा येतो. पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या असत्या तर ऑइल जळून निळसर धूर आला असता, आणि मुख्य म्हणजे डिपस्टिकवर ऑइल उतरत गेलं असतं. माझं ऑइल आदल्या हंगामात खुणेच्या खाली कधी गेलंच नव्हतं. पण तेव्हा एवढा विचार कोण करतो! त्याने इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं, आतून येणारा वाफारा दाखवला. "बघा, कंप्रेशन खाली उतरतंय." म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. जुन्या डिझेल इंजिनात थोडा वाफारा असतोच. तेच झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवायचं. ते उडून पडलं किंवा नाचायला लागलं तर काळजी करावी. माझ्या ट्रॅक्टरवर ते नंतर करून पाहिलं, झाकण जागचं हललं नाही.

फुल इंजिन काम ठरलं. तीन पिस्टन-लायनर किट, बेअरिंगं, गॅस्केट सेट, मजुरी. २०,००० आगाऊ. बारा दिवसांनी ट्रॅक्टर परत आला तो नव्या निळ्या रंगात, आवाज खणखणीत, धूर नाही. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक काळाठिक्कर, ओरखडे पडलेला पिस्टन. "हा तुमचा जुना. बाकीचे दोन भंगारात गेले." वर ताकीद, "पहिले पन्नास तास जास्त लोड टाकू नका." मीही बाळंतिणीची घ्यावी तशी त्या इंजिनाची काळजी घेतली. उरलेले पैसे रोख दिले. पावती म्हणजे साध्या पॅडचा कागद, त्यावर 'इंजिन काम फुल' आणि रक्कम. ना दुकानाचं नाव, ना ट्रॅक्टरचा नंबर, ना पार्टचे नंबर.

पिस्टन ओसरीवर राहिला, वर्तमानपत्रावर वजन म्हणून.

वर्षभराने हेडच्या, म्हणजे सिलिंडरवर बसवलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या, सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. आमच्या गावात पॉवर टिलर दुरुस्त करणारा एक तरुण मुलगा आहे, त्याला बोलावलं. काम सुरू करण्याआधी चहा घेताना त्याची नजर ओसरीवर गेली. पिस्टन उचलून त्याने फिरवून पाहिला, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. ९५ मिलिमीटर.

"काका, हो तुमच्या ट्रॅक्टराचो न्हय."

मग त्याने हिशोब मांडला. तुमचं इंजिन तीन सिलिंडर मिळून साधारण नऊशे सीसी, म्हणजे एका सिलिंडरला तीनशे. एवढा थोरला पिस्टन तिथे मावेल कसा? हा एका सिलिंडरच्या पॉवर टिलरचा. मी तरी म्हटलं, चुकून दुसऱ्याचा दिला असेल. तो काही बोलला नाही, उठून हेडच्या बोल्टवरचा निळा रंग नखाने खरवडला. खाली कंपनीचा जुना रंग, बोल्टच्या डोक्यापासून हेडपर्यंत सलग. एकदा जरी पाना लागला असता तर तिथे तडा गेला असता. पिस्टन बाहेर काढायचा तर हेड उतरवावंच लागतं. हे हेड आजवर कुणी उतरवलंच नव्हतं. पाइपातली माती काढणं, वाटीतलं ऑइल बदलणं आणि रंग मारणं, एवढंच त्या बारा दिवसांत झालं होतं.

त्या मुलाने आता मला लावलेली सवय सांगतो. ट्रॅक्टर नेण्याआधी हेडच्या आणि पंपाच्या बोल्टवर पांढऱ्या पेंटचा ठिपका द्यायचा आणि फोटो काढून ठेवायचा. इंजिन उघडायचं म्हणाले तर आधी कंप्रेशन गेज लावून आकडा दाखवायला सांगायचं, आणि हेड उतरलं की तिथे जाऊन आपल्या डोळ्यांनी पाहायचं. नव्या किटचे रिकामे खोके आणि जुने सगळे भाग मागायचे, एक नव्हे.

ग्राहक आयोगाचंही विचारून पाहिलं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण ओळखीच्या वकिलाने माझा कागद उलटसुलट करून विचारलं, "हा कुणी कुणाला दिलाय?"

शेवटी मी स्वतः त्या बाहेरच्या मेस्त्रीकडे गेलो. आधी तो चिडला, मग हसला, मग ओळख आहे म्हणून पाच हजार माझ्या हातावर ठेवले. मी निघालो तेव्हा मागून हाक मारून म्हणाला, "पात्रांव, तो पिस्टन मात्र परत आणून द्या."

मी म्हटलं, ओसरीवर आहे, घरी येऊन घेऊन जा. अजून आलेला नाही.