वीस किलोच्या गोणीत दहा किलो कोळसा

कर्जतजवळ आमचं जुनं घर आहे. मागे परसदार, तिथे आंब्याखाली विटांचा चौकोन रचून वर लोखंडी जाळी ठेवलेली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळे भाऊ-बहीण, मुलंबाळं जमतात आणि एक रात्र तिथेच निखाऱ्यांवर भाजाभाजी चालते. चिकन, सुरमई, पनीर, कणसं, रताळी. गेल्या डिसेंबरात आम्ही बावीस जण होतो आणि कोळसा आणायचं काम माझ्याकडे होतं.

दरवेळी मी बाजारातल्या वखारीतून लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा घेते. तेव्हा भाव 45 रुपये किलो होता. जाताना रस्त्याच्या कडेला एक टेम्पो उभा दिसला, मागे गोण्या, समोर वजनकाटा. माणूस बोलायला गोड. म्हणाला, "ताई, आपल्या कातकरी लोकांच्या भट्टीचा माल आहे, बाभळीचा. मध्ये दलाल नाही. अठ्ठावीसनं देतो, पण पाच गोण्या घ्या." त्याने एका गोणीचं तोंड उघडून दाखवलं. वर मुठीएवढे, काळेभोर, कोरडे तुकडे. एक हातात घेऊन दुसऱ्यावर आपटला तर काचेसारखा खणखणीत आवाज आला.

त्याच्या पहिल्याच वाक्याने मी विरघळले, हे मला सांगायलाच हवं. आमच्या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं पाऊस सरला की घरदार बंद करून मुलांसकट कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, आधी घेतलेली उचल फेडण्यासाठी राबतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मला वाटलं, चार पैसे थेट त्यांच्या हातात पडतील. प्रत्येक गोणी माझ्यासमोर काट्यावर ठेवली, वीस किलोच भरली. 100 किलोचे 2,800 रुपये मी मोबाईलवरून दिले. पावती मागितली नाही. गोण्यांची तोंडं सुतळीने शिवलेली होती, ती उसवून पाहिली नाहीत.

त्या रात्री पहिली गोणी जाळीखाली ओतली आणि अर्धा तास नुसता धूर. आधी पांढरा, ओल्या लाकडाचा असतो तसा. मग तडतड सुरू झाली, ठिणग्या उडायला लागल्या. कोळशात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की तो असा फुटतो. एक ठिणगी माझ्या आठ वर्षांच्या भाच्याच्या मनगटावर पडली. फोड लहान होता, पण त्याचं रडणं माझ्या कानातून अजून जात नाही. त्यानंतर पिवळसर, दाट धूर यायला लागला आणि गंधकासारखा उग्र वास. चिमट्याने ढवळून पाहिलं तर मधले काही तुकडे चपटे, जड, तेलकट चमकणारे. तो दगडी कोळसा होता. जाळीवर लावलेलं सगळं चिकन आणि निम्मी सुरमई टाकून दिली, कारण त्या धुरात भाजलेलं मुलांच्या ताटात वाढायला माझा हात धजेना. वारा सुटल्यावर कोणीतरी म्हणालं, निखारे शेगडीत भरून पडवीत घेऊ आणि दार लावू. मी साफ नाही म्हटलं. कोळसा कोणताही असो, जळताना तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतो, बंद जागेत हा वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. कृपा करून हे कोणीही, कितीही थंडी असली तरी, करू नका.

दुसऱ्या दिवशी एक न उघडलेली गोणी ताडपत्रीवर उपडी केली. वरचा वीतभर थर चांगला. त्याखाली चुरा, माती, दगडी कोळसा आणि ओला माल. वेगळं करून घरच्या काट्यावर तोललं. दगडी कोळसा तीन किलो, चुरा-माती अडीच किलो. उरलेला साडेचौदा किलो कोळसा चार दिवस कडक उन्हात पसरला, तो वाळून दहा किलो भरला. साडेचार किलो निव्वळ पाणी! 560 रुपयांची गोणी, म्हणजे चांगला कोळसा मला 56 रुपये किलोने पडला. वखारीपेक्षा 11 रुपये महाग.

टेम्पोवाल्याचा मोबाईल बंद. टेम्पो पुन्हा दिसला नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, पण विक्रेत्याचं नाव-पत्ता काय, बिल कुठे, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही फसवणूक मला नीट उलगडून दाखवली आमच्या नाक्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी. त्यांची तीस वर्षं कोळशावर गेली. म्हणाले, कोळसा म्हणजे नुसती छिद्रं. आदल्या रात्री पाणी मारलं की ते आत जिरतं आणि सकाळपर्यंत अंग कोरडं लागतं, म्हणून हाताला कळत नाही. काट्यालाही दोष नसतो, काटा खरंच वीस दाखवतो. ओळखायचं आकारावरून. तांदळाची पन्नास किलोची गोणी सुक्या कोळशाने गच्च भरली तरी पंधरा ते वीस किलोच होते. माझ्या गोण्या तर पाऊणच भरलेल्या होत्या आणि वजन वीस! इतकं सोपं गणित माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आता मी गोणी उघडून तळापर्यंत हात घालते, शक्य असेल तर ओतूनच घेते. कोणी ओतू देत नसेल तर तिथून निघते. तुकडा मोडून बघते: चांगल्या लाकडी कोळशात आतपर्यंत काळी चकाकी असते आणि लाकडाच्या रेषा दिसतात. आत तपकिरी असेल तर लाकूड नीट जळलेलं नाही, ते धूर करणार. शंका असली की बादलीभर पाण्यात टाकायचा. सुका लाकडी कोळसा तरंगतो, दगडी कोळसा सरळ तळाला जातो. बंद पाकीट घेतलं तर त्यावर भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असलीच पाहिजे, तसा कायदा आहे. कोरं पाकीट मी हातातही धरत नाही.

आणखी एक गोष्ट तो टेम्पोवाला सांगून गेला होता: "कोळशाला काय होतंय, गोणीतच राहू द्या वर्षभर." हेही खोटं. कोकणातल्या आमच्या हवेत गोणीतला कोळसा नुसत्या दमटपणानेही ओलावतो, आणि जूनमध्ये तर विचारूच नका. मी आता घट्ट झाकणाचा पत्र्याचा पिंप घेतला आहे. तो चार विटांवर, भिंतीपासून सुटा ठेवते, गॅसच्या सिलिंडरपासून आणि सरपणापासून लांब. नवा कोळसा आणला की लगेच पिंपात भरत नाही. एक दिवस उघड्यावर, घरापासून दूर पसरते, कारण भट्टीतून नुकत्याच काढलेल्या मालात एखादा निखारा जिवंत असू शकतो आणि तो तासांनंतरही पेटतो. भाजून झाल्यावर उरलेले निखारेही पिंपात नाहीत. ते पाणी मारून विझवायचे, दुसऱ्या दिवशी हात लावून थंड असल्याची खात्री करायची आणि वाळवूनच परत ठेवायचे.

त्या पाच गोण्यांतला निवडून वाळवलेला कोळसा अजून पिंपात आहे, दगडी कोळसा वेगळ्या डब्यात. भट्टीवरून परतलेल्या एका ओळखीच्या कातकरी मावशींना मी तो डबा दाखवला. त्यांनी एक तुकडा उचलला, वजन केलं हातात आणि म्हणाल्या, "हा आमचा न्हाय. आमच्या भट्टीतून असा निघतच न्हाय."